गिल्दोने शिवलेल्या सीट

३ फेब्रुवारी

लिहायला बसले त्याचं कारण गिल्दो. आज फोनवर त्याला सांगितलं, गाडीच्या सीटचं कातडं झिजलंय — तीन वर्षांत! तर म्हणाला, "आणून सोड, बदलून देतो. पैसे नकोत." कुठे झिजलं, कसं झिजलं, एक प्रश्न नाही. न बघता फुकट द्यायला निघालेला माणूस काहीतरी लपवतोच. हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. घरात कोणी नाही. म्हणून ही वही.

माझ्या निवृत्तीच्या वेळी माझ्या नवऱ्याने, एर्मेसने, गाडीच्या कापडी सीटवर कातडं चढवून घेतलं होतं. कातडं त्याने आणलं, शिवलं गिल्दोने. गिल्दो त्याचा तरुणपणापासूनचा मित्र, गाड्यांच्या सीट शिवण्यात साऱ्या आर्झिन्यानो गावात एक नंबर. तीन वर्षं! आमच्या खोऱ्यातलं कातडं गाडी भंगारात जाईपर्यंत टिकतं.

४ फेब्रुवारी

अंगणात गाडी काढून नीट पाहिलं. माझ्या सीटची डावी कड, चढता-उतरताना घासते ती, पार गेली आहे. रंग उडालाय, हाताला खरखर लागते, सुकलेल्या ओठांसारखी. शेजारची सीट बरी. एर्मेस गेल्यापासून तिच्यावर पावाची पिशवी बसते.

पाण्याचा थेंब टाकला. गाडीच्या कातड्यावर वरून लेपाचे थर असतात, थेंब तसाच उभा राहायला हवा. हा दिसेनासा झाला. दुसरा टाकला. तोही गेला. म्हणजे लेप नाहीच! उघडं कातडं — पर्सला ठीक, गाडीत वेडेपणा. कातड्याच्या कारखान्याची प्रयोगशाळा मी उगाच नाही सांभाळली.

एर्मेसचा जन्म गाड्यांच्या कातड्यावर लेप फवारण्यात गेला. तो असलं आणणार नाही. म्हणजे चांगलं कातडं गिल्दोने ठेवून घेतलं आणि हे लावलं. दुसरा अर्थ निघत नाही.

६ फेब्रुवारी

चौकातल्या बारमध्ये गेले. गिल्दो पत्ते खेळत होता. बसले नाही. विचारलं, "एर्मेसने दिलेलं कातडं कुठे आहे?"

"तुझ्या बुडाखाली, डॉतोरेसा." पदवी घेतलेल्या बाईला इथे सगळेच डॉतोरेसा म्हणतात. गिल्दो म्हणतो तेव्हा त्यात टोमणा असतो.

त्याचा भिडू रेंझो म्हणाला, "बाई, तू गाडीत बसतेस की घोड्यावर? टाच मारत असशील."

दुसरा म्हणाला, "जीन्सच्या बटणांनी जातं हो."

मी जन्मात जीन्स घातलेली नाही, हे त्याला सांगितलं. मग गिल्दोला म्हटलं, "लेप नसलेलं कातडं लावलंस. मी तपासलंय. याला चोरी म्हणतात."

रेंझोचा हात पानासकट वरच राहिला. गिल्दोने आपले पत्ते पालथे ठेवले.

"तसं समज," म्हणाला. "गाडी आणून सोड."

नाकारलंही नाही.

८ फेब्रुवारी

एकटीपुरती मक्याच्या पिठाची पोलेंता करता येत नाही. उरली ती तळली. तीही उरली.

१२ फेब्रुवारी

गुरुवार. एर्मेस गेल्यापासून गिल्दो दर गुरुवारी परसातला राडिक्योचा कडसर पाला घेऊन येतो. आत येत नाही. दारात उभा राहून हवेला शिव्या देतो, माझ्या गुडघ्याची चौकशी करतो, जातो. आठवड्यात माझ्या दाराला तेवढाच माणूस लागतो. आज बेल वाजली नाही. बिघडली असेल म्हणून बाहेर जाऊन मीच दाबली. चालू आहे.

मी बरोबर आहे. बरोबर असूनही घर इतकं गप्प.

१५ फेब्रुवारी

चर्चच्या पायऱ्यांवर गिल्दोची बहीण पाल्मीरा आडवी आली. सगळ्यांसमोर.

"नोएमी, माझ्या भावाला चोर म्हणालीस ना तू?"

"पुरावा आहे माझ्याकडे."

"घाल चुलीत तुझा पुरावा. ते कातडं तुझ्या नवऱ्याने खांद्यावर टाकून आणलं. दार मी उघडलं होतं! मला म्हणाला, पाल्मीरा, हात फिरव, याला फवारा शिवलेला नाही. नवी नवरी दाखवावी तसा दाखवत होता."

"मग गिल्दो बोलला का नाही?"

"तोंड त्याचं आहे. त्याला विचार."

लोक बघत होते. मी हातमोजे चढवले आणि घरी आले.

१६ फेब्रुवारी

पाल्मीरा भांडखोर आहे, खोटारडी नाही. आणि एर्मेस तसाच होता. कोणाचीही नवी गाडी दिसली की आत वाकून सीटवर बोटं फिरवायचा आणि म्हणायचा, "प्लास्टिक." या खोऱ्यातल्या सगळ्या पुरुषांना हा रोग आहे. दिवसभर लेप फवारायचा, त्यावर घर चालवायचं आणि जेवताना त्यालाच नावं ठेवायची. उघडं कातडं तेवढं खरं!

पण उघडं कातडं गाडीत किती टिकतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी लावलं. माझ्या गाडीत. मला न सांगता. म्हणजे दोष एर्मेसचा. निकाल लागला.

बरं वाटत नाही. भांडायचं तर माणूस समोर हवा.

१८ फेब्रुवारी

गाडी घेऊन गिल्दोच्या कारखान्यात गेले. बारमध्ये बोलले ते चूक होतं, म्हणाले. त्याने मान हलवली आणि फळीवरून एक गुंडाळी काढली. गाडीचं कातडं, पक्कं लेप दिलेलं, तोच तपकिरी रंग.

"दोन्ही कातडी एर्मेसने एकदमच आणली होती, तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये. म्हणाला, जन्मभर लोकांना प्लास्टिकवर बसवलं, आता थोडे दिवस मी कातड्यावर बसतो. ते झिजलं की नोएमीला हे लावून दे. तिला काही बोलू नकोस. मी म्हटलं, गाढवा, तीन वर्षांत झिजेल ते. म्हणाला, झिजू दे. माझ्यापुरतं पुष्कळ आहे."

डॉक्टरांनी त्याच्या आजाराचं आम्हाला त्या वर्षी जूनमध्ये सांगितलं. एर्मेस तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता आणि माझ्याइतकाच दचकला होता.

गिल्दोच्या ताब्यात दिलं: गाडी, किल्ली, माझी सीट. शेजारच्या सीटला हात लावायचा नाही, असं बजावलं आहे.