यू-बोल्ट आवळायचे राहिलेत

कसाल, ८ मे २००३

प्रिय वर्षाली,

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय आणि पहिल्याच ओळीत हुकूम सोडतोय, रागावू नकोस. तुमचा ट्रक आज अंगणातून हलू देऊ नकोस. सत्यवान ऐकत नसेल तर चावी तांदळाच्या डब्यात टाक. तुमच्या शेजारच्या दुकानाचा फोन सकाळपासून लागत नाही, म्हणून हे जामसंड्याच्या एसटीत महादू कंडक्टरकडे देतोय.

काल तुझा नवरा माझ्या गॅरेजवर आला. बागेच्या वाटेवर जांभ्या दगडांना गाडीचं पोट घासतं, मागून उचलून हवी म्हणाला. समोर काचेवर तुझं नाव रंगवलेलं. वर्षाली काय एकच असते? पण तो हसत म्हणाला, “बायलेचा नाव आसा रे, नीट बघ. आचऱ्याची आसा ती.” मग ती तूच, हे कळलं. मी कोण हे त्याला ठाऊकच नव्हतं. दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवले, तर डावी बाजू अर्धा इंच खाली. परत सगळं खोललं. अर्ध्या इंचाची चूक मला खपत नाही, आणि तुझ्या वडिलांना विचारायला जायचं मात्र वर्षभर टाळत बसलो. असा मी शहाणा.

माणूस चांगला आहे गं. दोष काढायला दिवसभर टपून होतो, एक सापडला नाही. जेवताना डब्यातली तुझ्या हातची सोलकढी त्याने माझ्यापुढे सरकवली. मी जळलो, सरळच सांगतो.

नवे पाटे ओझ्याखाली दबून बसतात, आणि त्यांना अॅक्सलशी धरून ठेवणारे यू-बोल्ट सैल पडतात. शंभरेक किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळावेच लागतात. तसेच ठेवून आंब्याच्या पेट्या भरल्या आणि घाट चढला, तर अॅक्सल जागचा सरकू शकतो. इथे एका मासळीच्या टेम्पोची चाकं काढलेली आहेत. तो उभा केला की संध्याकाळच्या गाडीने पाना घेऊन येतो. तोवर एकही पेटी चढू देऊ नकोस.

त्याच्यासमोर मी सांगेन, सांगायचं विसरलो. तो हसून सोडून देईल. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. निघताना त्याने चाकापुढे नारळ फोडला, एक कवड माझ्या हातात दिली आणि विचारलं, “आणखी काय बघूचा नाय मां?” यू-बोल्ट माझ्या अगदी ओठांवर होते, वर्षाली. आणि मी नाही म्हणालो.

तुझाच गाववाला,
रविकांत