उरलेले नमस्कार

२ डिसेंबर १९५४

आखाड्यात पडलो. पोरांसमोर! चाळिसावा सूर्यनमस्कार घालून उभा राहिलो तो डोळ्यांपुढे अंधारी आली. भानावर आलो तेव्हा तोंडावर पाणी आणि भोवती वीस तोंडं. "मास्तर पडले, मास्तर पडले!" सत्तावीस वर्षं पनवेलच्या पोरांना मातीत लोळवलं आणि आज माझीच ही गत. एकेकाला पन्नास दंड काढायला लावले. मास्तर शाबूत आहेत हे कळायला नको?

हिला काही बोललो नाही. तरी घरी पोचायच्या आत तिला कळलं होतं. पनवेलात काय लपतं!

४ डिसेंबर

हिनं कमळाकरला बोलावून घेतलं. कालपरवापर्यंत माझ्या आखाड्यात नाक पुसत होता, आज गळ्यात नळी अडकवून माझ्यापुढे बसला. "रक्ताचा दाब फार वाढलाय, मास्तर. काळजावर ताण आहे."

मीठ कमी म्हणजे कमीच. लोणचं, पापड, सुके बोंबील बंद. तुपाची धार बंद. रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच, आणि तेही अर्धपोटी. नमस्कार साफ बंद! त्याऐवजी वडाळे तळ्यापर्यंत हळूहळू चालायचं आणि दम लागला की बसायचं. मी! तळ्यावर! बसायचं!

जाताना दारात थांबून म्हणाला, "मास्तर, तेव्हा ऐकलं नाहीत. आता तरी ऐका."

तेव्हा म्हणजे कधी? माझं याचं काय ऐकायचं राहिलं होतं? विचारीपर्यंत सायकलवर टांग मारून गेलासुद्धा.

५ डिसेंबर

अळणी आमटी. गुरंसुद्धा खाणार नाहीत.

९ डिसेंबर

हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

दोन वर्षांपूर्वी रथसप्तमीला शिवा हजार नमस्कार घालणार होता. माझा सोळा वर्षांचा एकुलता मुलगा. त्याआधी महिनाभर सांधे सुजून तापानं पडलेला. मी आठ दिवस कर्जतला स्पर्धेला गेलो होतो. परत येऊन बघतो तर ताप उतरलाय आणि पोर अजून अंथरुणातच. ही म्हणाली, "थोडे दिवस राहू द्या ना." मी म्हणालो, घाम निघाला की अशक्तपणा पळतो. मला माझ्या वडिलांनी असंच उठवलं होतं. ही पुढे काही बोलली नाही.

सहाशे बारावा नमस्कार. खाली गेला तो वर आलाच नाही. आणि मी ओरडलो, "ऊठ! ढोंगं पुरे झाली!"

हे माझे शब्द. त्यानं ऐकलेले माझे शेवटचे शब्द. नंतर शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

तीनशे अठ्ठ्याऐंशी उरले. गेल्या रथसप्तमीला अंगणात पाऊल टाकवलं नाही. यंदा ते मी घालणार. काळीज फुटलं तर फुटू दे. कुणाचं फुटायला हवं होतं?

१५ डिसेंबर

तळ्यावर गेलो, हिच्या कटकटीमुळे. काठाशी पोचेपर्यंत दम लागला म्हणून धोंड्यावर बसलो. कुणी बघत नाही ना, हे आधी पाहिलं! पाण्यात म्हशी होत्या, पलीकडे बाया धुणं आपटत होत्या. किती दिवसांनी छातीभर श्वास आला. बरं वाटलं.

बरं वाटलं आणि लगेच स्वतःची किळस आली. पोराला श्वास पुरला नाही आणि हा बाप तळ्यावर वारा खात बसलाय.

घरी येऊन न्हाणीघराच्या मागे पंचवीस नमस्कार घातले, हिला न कळत.

२२ डिसेंबर

चोरी पकडली गेली. कमळाकरनं दाब मोजला आणि नळी खाली ठेवली. "किती घालताय रोज?" हा डॉक्टर आहे की पोलीस?

मग हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, शरीराशी असं वैर का? एखाद्या आजारी पोराला जपावं तसं जपा स्वतःला."

हातातला कप निसटला. चहा सगळा धोतरावर. मी म्हणालो, "आजारी पोराला मी कसं जपलं ते ठाऊक नाही का तुला?"

त्याचा चेहरा उतरला. त्यानं हिच्याकडे पाहिलं. ही उठून आत गेली.

३ जानेवारी १९५५

दाब थोडा उतरलाय. चोरटे नमस्कार सोडले. रथसप्तमीसाठी ताकद राखायची, दुसरं काही नाही. कमळाकरला वाटतं मास्तर सुधारले. वाटू दे.

आज हिनं वालाचं बिरडं केलं होतं. मीठ नाहीच, पण आमसूल आणि ओलं खोबरं सढळ हातानं. चक्क चव होती! तसं म्हटल्यावर ही हसली. किती दिवसांनी हसली.

११ जानेवारी

पूर्वी जेवलो की हात धुऊन बाहेर. आता कुठे जायचं नसतं, म्हणून चुलीपाशीच बसून राहतो. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ही रात्री जेवताना दिसतच नाही. "तू बसत नाहीस?" तर म्हणे, "मागाहून बसते. तुम्ही व्हा बाहेर."

आमच्यात पुरुष उठल्यावर बायका बसतात. माझी आईही तशीच. तीस वर्षांच्या संसारात हिला जेवताना मी एकदाही पाहिलेलं नाही! कधी पाहावंसं वाटलंही नाही.

१९ जानेवारी

सुकापूरची गंगाबाई सकाळी भाजी घेऊन आली. ही पाण्याला गेली होती. गंगाबाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "मास्तर, तुमी पथ्य करता ते बरं हाय. पन बायकडं पन बगा. रातची भाकर रोज सकाळी माज्या पोरांना देतात. दोन वरसं झाली. मंग त्या काय खातात?"

मी म्हणालो, उरत असेल. गंगाबाई म्हणाली, "रोज उरतं?"

दिवसभर हिच्याकडे बघतोय. मनगटं केवढीशी झालीत! बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मला कसं दिसलं नाही? आखाड्यात कुठल्या पोराचा दंड बोटभर उतरला तरी मला लांबून दिसतो.

दोन वर्षं. म्हणजे शिवा गेल्यापासून.

विचारायची छाती होत नाही. माझी!

रथसप्तमी

पहाटे कंबर बांधून अंगणात उभा राहिलो. ही दारात आली, पण अडवलं नाही. मीच विचारलं, "रात्रीची का जेवत नाहीस?"

खाली बसली. "तुम्ही कर्जतला होता तेव्हा कमळाकर सांगून गेला होता. शिवाच्या काळजाला सूज आहे. वर्षभर नमस्कार नाही, दंड नाही. मास्तरांना सांगा म्हणाला. मी नाही सांगितलं. तुम्ही चिडाल, त्याला नेभळट म्हणाल, म्हणून घाबरले. मी मारलं त्याला."

दोन वर्षं एका छपराखाली आम्ही दोघं आपापली शिक्षा भोगत होतो! मी म्हणालो, "नाही. तू मला घाबरलीस. घरात सगळे मलाच घाबरत होते." मग दोघंही रडलो, मोठ्यानं.

कंबरेला बांधलेला पंचा सोडला. तीनशे अठ्ठ्याऐंशी राहू देत तसेच.

संध्याकाळी दोन पाट मांडले. "मालू, बस," म्हणालो. तिला नावानं हाक कधी मारली नव्हती. तिच्या पानात भाकरी मी वाढली, मीठही मीच वाढलं. तिला कुठे बंदी आहे! किती वेळ तिचा हात पानावरच. मग घास घेतला.

डाव्या बाजूनं चावते. शिवाही तसाच चावायचा.