हिमायत बागेत, तुझ्या चालीनं

प्रिय जाहेदा,

सलाम म्हण, नमस्कार म्हण, तुला चालेल ते घे. फोन सोडून पत्र कुठून सुचलं म्हणशील. सांगते, पण आधी बागेची खबर ऐक.

हिमायत बागेत आंब्यांना मोहर आलाय. रखवालदारानं यंदाही झाडाखाली बाज टाकलीय, आणि जाणारायेणारा प्रत्येक जण चोरच असल्यासारखा बघतो मेला. चिंचेखाली पोरी चिंचा वेचत बसतात, मोर सकाळपासून ओरडतात. शक्कर बावडीकडं, त्या जुन्या विहिरीकडं, मी जात नाही, एकटीला तिकडं नको वाटतं. बाकी सगळं जिथल्या तिथं आहे गं.

तू लेकाकडं, नोमानकडं हैदराबादला गेलीस तेव्हा खरं सांगू, वाटलं, बरं झालं, आता झपझप चालता येईल. तुझ्या गुडघ्यांपायी माझी साखर कधी उतरलीच नाय. पण झालंय काय, मी अजून तुझ्याच चालीनं चालते. तू जिथं जिथं कमरेवर हात ठेवून थांबायचीस, तिथं माझेही पाय थांबतात. मागून येणारे विचारतात, मावशी, दुखतंय का काही? काय सांगू त्यांना, कपाळ!

हास्यक्लबात जाऊन बघितलं. हात वर करून हा हा करायचं. सगळे हसत होते आणि मला रडू फुटलं. मग दुसराच नाद लागला. बाकावर कुणी टेकलं की मी त्याला बागेचा इतिहास सांगायला घेते. मुघलांनी ती कशी लावली, नहरीनं पाणी कसं यायचं, निजामाच्या काळात हिमायत नाव कसं पडलं. सगळं तुझ्याच तोंडून ऐकलेलं. तेव्हा तुझ्याशी भांडायची, आता तुझीच री ओढते. परवा एक जोडपं अंग चोरून बसलं होतं, त्यांनाही नहर समजावली. बिचारी पळालीच. आता रोजचे फिरणारे लांबून मला बघतात आणि उलटा फेरा धरतात. हसू नको. लई एकटं वाटतं.

गेल्या आठवड्यात तुझी नात कहकशा इथं लग्नाला आली होती. मला शोधत बागेत आली. फोनवर तू म्हणतेस, मजेत आहे, सून लई करते. मी कहकशाला खोदून खोदून विचारलं, तेव्हा पोरगी खरं बोलली. घर दोन खोल्यांचं, तू बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतेस, टीव्ही बंद होईस्तोवर पेंगत बसतेस. फोनवर बोलताना सगळी आजूबाजूला असतात, म्हणून ‘मजेत’. वाईट कुणीच नाय, जागाच नाय. आणि संध्याकाळी गच्चीवर एकटीच फेऱ्या मारतेस म्हणे. हे ऐकल्यापासून मला घास गोड लागेना. म्हणून हे पत्र. कहकशाच्या नावानं धाडतेय, तीच तुझ्या हातात देईल, निवांत वाच.

आता नीट ऐक. माझ्याकडं ये. पाहुणी म्हणून नाही, राहायला. इंद्रजीतची खोली मोकळी केलीय. पोरगं पुण्याहून कुरकुरलं, आई, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक माझ्याशी बोलतात कुठं रे! मटण मागच्या ओट्यावर कर, फक्त सोमवारी नको. पश्चिमेच्या भिंतीला कपाट होतं, ते दोन माणसं लावून हलवून घेतलं, तुझ्या नमाजाला अडचण नको. नोमानची समजूत मी घालते, तू नुसतं हो म्हण. तुझी कीव येऊन बोलावतेय असं मात्र मनात आणू नको, जाहेदा. आमचे हे गेल्यापासून मला घर खायला उठतं. तू ये बाई. मला गरज आहे तुझी.

तुझीच,
रत्नमाला