हरळीखालची माती

९ जून
माहेरहून भाच्यानं ट्रॉलीभर शेणखत पाठवलं. पाऊस तोंडावर, म्हणून आल्या आल्या अंगणातल्या हिरवळीवर पसरलं. थोडं कच्चं वाटलं, पण मुरेल की पावसात जागच्या जागी. महेश नाक दाबून क्लासला शिकवायला गेला. वर भाड्यानं राहणाऱ्या पोरींनी खिडक्या धाडधाड लावून घेतल्या. लावा म्हणलं! डॉक्टर व्हायला लातूरला आल्यात आणि शेणाचा वास सोसत नाही.

२६ जून
दिवेलागणीला कडुलिंबावर तपकिरी भुंगेऱ्यांची झुंबड. पोर्चमध्ये पटापट पडत राहिले. झाडूनं लोटले बाहेर. हे असते तर बादली घेऊन मागं लागले असते.

११ ऑगस्ट
हिरवळ पिवळी पडत चालली. आधी भाकरीएवढे डाग, आता परातीएवढे. पाणी कमी पडलं म्हणून बादल्या ओतल्या. मग युरिया. मग दुकानदार म्हणाला बुरशी आहे, त्याचं औषध मारलं. डोंबल! काही फरक नाही. बरं ही काही विकतची नाजूक लॉन नाही, साधी हरळी. शेतकरी हिला कुळवतात, खणतात, शिव्या घालतात, तरी मरत नाही. ती माझ्याच दारात मरायला लागली.

जेवताना म. म्हणाला, "गवत तसंही चाललंच आहे आई. तिथं हॉल काढू एक. किती दिवस दुसऱ्याच्या क्लासात फिजिक्स शिकवू मी?" खोटं नाही त्याचं. मी भाकरी वाढली.

१२ ऑगस्ट
म.ला माहीत नाही. त्याला एवढंच माहीत, की त्याच्या आधी एक ताई होती, भूकंपात गेली.

शुभा. सहा वर्षांची. गणपतीत आजीकडं पाठवली होती गावी. हे नको म्हणत होते, शाळा बुडेल. मीच पाठवली. विसर्जन झालं आणि पहाटे घर बसलं. आम्ही पोचलो तोवर सगळ्यांना एकत्र अग्नी दिलेला. आम्हा लिंगायतांत माती देतात, अग्नी नाही. कोण कुणाला विचारणार होतं त्या दिवसात? पण यांना तेच डाचलं जन्मभर. "लेकीला मूठभर माती देता आली नाही मला."

पुढच्या पावसाळ्यात ढिगाऱ्यावर हरळी उगवली. यांनी ती मुळासकट, मातीसकट पोत्यांत भरली, इथं आणून अंगणात पसरली, लावली. म. झाला तेव्हा म्हणाले, "याला सांगू नको. खेळू दे इथं मोकळं." दोन वर्षं झाली हे जाऊन. आता सांगणारी मी एकटी, आणि तोंड उघडत नाही.

३ सप्टें.
वरची सोनल, मुदखेडची, कपडे वाळत घालायला खाली आली. सहज गवत ओढलं तिनं, तर सतरंजी गुंडाळावी तसं सगळं हातात आलं. मुळंच नाहीत! खाली पांढऱ्या जाड अळ्या, अंगाचं वेटोळं केलेल्या, तांबडी डोकी.

"काकू, हुमणी हाय ही. आमच्या उसाला लागती. कच्चं खत टाकलं होतं का हो?"

टाकलं होतं. मीच.
गावी पाठवली तीही मीच.

५ सप्टें.
कृषी केंद्रातल्या मॅडम येऊन गेल्या. फूटभर चौकोन खणला, अकरा अळ्या. भुंगेरे जूनमध्येच गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे असतात म्हणे, म्हणजे अंडी पडत नाहीत. आता अळी मोठी झाली, औषध नीट लागू पडत नाही. एक भुकटी दिली, चांगल्या कुजलेल्या खतातून द्यायची, तिनं अळीला बुरशी लागते. पण वेळ लागतो.

"सोपं सांगू का मावशी? वरची वीतभर माती काढून लांब टाकून द्या. नवी भरा, नवी हिरवळ लावा."

चांगली बाई. चहा घेऊन गेली. ती गेल्यावर खुरपं शोधून काढलं.

९ सप्टें.
खुरपं घेऊन रोज सकाळी बसते. आज त्र्याऐंशी अळ्या निघाल्या. साळुंक्या शेजारी येऊन टिपतात, भीत नाहीत. गुडघे गेले कामातून. एकेक अळी साबणाच्या पाण्यात टाकताना तोंडातून काय काय निघतं, मास्तरीण होते हे कुणाला पटायचं नाही. खाल्लं गं बाई माझ्या लेकराला, दुसऱ्यांदा.

२० सप्टें.
मिस्त्री आला. वाळू टाकली, चुन्याच्या फक्कीनं आखणी केली. पांढऱ्या रेघा निम्म्या हिरवळीतून. दसऱ्यानंतर काम. म. खुशीत होता. "जेसीबी माती उचलून नेईल. तुझी हुमणीची कटकट पण मिटली."

काही तरी बोलायला पाहिजे होतं. "चहा घेता का?" म्हणलं मिस्त्रीला.

२५ सप्टें.
विसर्जन. बाहेर ढोल. म. बूट घालत होता, मिरवणुकीला निघालेला. सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. पोती, माती, बाबा काय म्हणाले ते.

एक बूट पायात, एक हातात, तसाच बसला.
"मी क्रिकेट खेळलो त्याच्यावर."
"खेळावं म्हणूनच."
"स्टंप ठोकले आई मी तिथं. काहून सांगितलं नाही मला?"
मिरवणुकीला गेला नाही. जेवलाही नाही. गाडी काढून कुठं तरी गेला.

२७ सप्टें.
म. सकाळी जातो, रात्री येतो. ताट समोर ठेवलं की खातो. कुठून बोलले असं झालंय. त्याच्या बापाचंच ऐकायला पाहिजे होतं.

२९ सप्टें.
सकाळी खर्र खर्र आवाज. बघते तर मिस्त्रीची वाळू चाळायची जाळी तिरकी उभी केलेली, म. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फावड्यानं माती मारतोय तिच्यावर. माती खाली पडते, हुमणी जाळीवर. क्लासला आज सुट्टी टाकली म्हणे. भिजट माती चिकटते, हातानं चोळावी लागते. मी खाली ताडपत्री अंथरली. मूठभरसुद्धा बाहेर जाऊ दिली नाही त्यानं. हरळीच्या जिवंत मुळ्या निघाल्या थोड्या, त्या ओल्या गोणपाटात ठेवल्या.

हॉलचं विचारलं नाही मी. फक्कीच्या रेघा तशाच आहेत. मिस्त्रीचा फोन आला होता, म.नं उचलला नाही.

३० सप्टें.
अर्धं अंगण झालं. दुपारी दोघं पायरीवर बसलो, हात मातीनं भरलेले. म. म्हणाला,
"केवढी होती गं ताई?"
मी उठून हात आडवा धरला, कमरेपाशी. मग थोडा खाली घेतला. मग परत वर. तो बघत होता.
मला आठवेना.