साबणातलं मला कळतं

२ फेब्रुवारी, सोमवार
मुलाच्या ऑफिसातून ही डायरी मिळाली. कोणाला नको होती म्हणून मला. चौथी पास आहे, तीही ढकलत. पण लिहिणार. संकल्प एकच. यंदा कमी बोलायचं.

नातीला शुक्रवारी वर्गापुढे साबणाच्या फुग्यांचे प्रयोग करून दाखवायचेत. तिला मी मुंगी म्हणते, कारण बोलली तरी ऐकू येत नाही. नऊ वर्षांची झाली, वर्गात अजून तोंड उघडलेलं नाही. या वेळी आपणहून हात वर केला म्हणे. बाईंनी कृतीचा छापलेला कागद दिलाय. सूनबाई म्हणाली, तिचं तिला करू द्या. मी म्हटलं, करू दे की. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकतीस वर्षं काढली मी. त्या बाईंनी पाणी पाहिलं नसेल इतका साबण मी पाहिलाय. एवढंच बोलले. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
मुंगीने तारेचा चौकोन केला, साबणपाण्यात बुडवला. विचारलं, आजी, फुगा कसा येईल? चौकोनी, मी म्हटलं, चौकोनी साच्यातून गोल भाकरी पडते का कुठे? आला गोल. मी म्हटलं तार वाकडी आहे. तिने दुसरी वाकवली. तोही गोल.

मग मला म्हणाली फुग्यात बोट घाल. घातलं, फुटला. तिने बोट पाण्यात बुडवून घातलं, आरपार गेलं, फुग्याला पत्ताच नाही. कोरडं बोट फोडतं, ओलं फोडत नाही, म्हणाली. मी म्हटलं, माहीत होतं, तुझी परीक्षा घेत होते.
उद्यापासून फुग्यांबद्दल अवाक्षर नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार, संध्याकाळ
पोरीने सहा कप पाणी, एक कप भांड्यांचा पातळ साबण आणि औषधवाल्याकडचं चमचाभर ग्लिसरीन हळूच ढवळलं. हळू का, तर फेस नको म्हणे. साबणाला फेस नको! सॉसच्या जुन्या मोठ्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवलं. शुक्रवारपर्यंत हलवायचं नाही. कागद फ्रिजला चिकटवलाय. अक्षर बारीक. चष्मा आणून वाचीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार
ओटा धूत होते. खाली एक चिकट बाटली. आत पिवळसर पाणी, वर फेसाचा थेंब नाही. शिळं साबणपाणी म्हणजे सरळ मोरीत, हा आमच्या धुलाईखान्याचा नियम. ओतलं. बाटली ब्रशने घासली, कढत पाण्याने विसळली. सॉसचा कागदसुद्धा निघाला, अशी लखलखीत.
मग आठवलं.

घाबरले नाही. धुण्याची पावडर दोन मुठी, चिमूटभर सोडा, आणि फुग्यांना जरा रंग यावा म्हणून निळीचे चार थेंब. हलवलं. गळ्यापर्यंत फेस! आधीच्यापेक्षा हजार पटीने बरं. खरं तर पोरीचं नशीबच.
ती आली की सांगते.

रात्री
आरशासमोर भाषण पाठ करत होती. चक्क मोठ्याने. मध्येच कसं बोलायचं? सकाळी सांगते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ
बूट सापडत नव्हता. घाई होती. राहिलं.

चार वाजता
आली, दप्तर टाकलं, कोपऱ्यात जाऊन बसली. सूनबाईने खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. एकही फुगा आला नाही. तारेवर नुसता फेस. फुंकलं की पुढच्या बाकावर. तिघांच्या पांढऱ्या शर्टांवर निळे ठिपके, बाईंच्या बाहीवर एक. पोरं हसून लोळली. बाईंनी विचारलं काय झालं, तर ही म्हणाली, माझं माप चुकलं, आणि जागेवर जाऊन बसली. बाकीचं भाषण पोटातच.

सूनबाई चिडली. दहादा सांगते, मोजताना लक्ष दे, एक काम धड होत नाही तुझ्याने, म्हणाली. मी तिथेच टॉवेलच्या घड्या घालत होते. पोरगी खाली मान घालून ऐकत होती. मी म्हटलं, होतं असं, हल्ली साबणातच दम राहिलेला नाही.
साबणाला दोष दिला. मी. एकतीस वर्षांनी.
बाईंनी सोमवारी पुन्हा संधी दिलीय. पोरगी म्हणते नको.

७ फेब्रुवारी, शनिवार
ठरवलं होतं, जेवताना सांगायचं. वाक्यही तयार होतं. जेवताना शेजारणीच्या गुडघ्यांबद्दल बोलले. पुष्कळ बोलले. मुलाचं डोकं दुखत होतं, म्हणून बाटलीचा विषय काढला नाही. कोणाला त्रास द्यायचा नाही हा माझा स्वभाव.

हे लिहायचं नव्हतं. पण इथे वाचतंय कोण? धुलाईखान्यात एकदा डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांत माझ्या हातून लाल चादर गेली. चाळीस कोट गुलाबी. माझ्या शेजारी नवी मुलगी होती, आठवडाही झाला नव्हता. मुकादमाने तिलाच झापलं. तीही खाली मान घालून उभी. मी तेव्हाही घड्या घालत होते. तिला दुसऱ्या दिवसापासून तळघरात टाकलं, मळक्या पट्ट्या वेगळ्या करायला. सांगणार होते. योग्य वेळ बघत होते.
पाऊण महिन्यात ती काम सोडून गेली.

संध्याकाळी मुंगीने स्वतःच नवं मिश्रण केलं. करीन म्हणाली सोमवारी. सगळं दोनदा मोजलं. सूनबाई शेजारी उभी राहून बघत होती, चोरावर पहारा ठेवावा तशी. चोर टीव्हीसमोर बसला होता.

८ फेब्रुवारी, रविवार
घरात कोणी नव्हतं. चष्मा लावून फ्रिजवरचा कागद वाचला. बोट ठेवून, अक्षरं जुळवत. अर्धा तास गेला. लिहिलंय, फेस होऊ देऊ नये. मिश्रण न हलवता ठेवावं, म्हणजे पापुद्रा टिकतो. ग्लिसरीनने पाणी लवकर सुकत नाही. सगळं स्पष्ट लिहिलंय. मोठ्या अक्षरात लिहिलं असतं तर ही वेळच आली नसती, चूक छापणाऱ्याची.
नाही. बुधवारीच वाचता आलं असतं. चष्मा गळ्यातच होता.

ओट्याखाली वाकून पाहिलं. नुसतं पाहिलं. नव्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवलीय. मोठी, सुटी सुटी अक्षरं, बालवाडीत काढतात तशी: आ जी, हा त ला वू न को स.
बहुतेक काळजीपोटी लिहिलंय. साबणाने माझे हात फाटतात ना.

९ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळ
झालं. फुगा आला, चौकोनातून गोल. ओलं बोट आरपार गेलं. शेवटी तारेत दोऱ्याचं कडं सैल सोडलं, आतला पापुद्रा फोडला, आणि तो वेडावाकडा दोरा ताणून वाटोळा झाला. वर्ग गप्प होता, आणि ही बोलत होती. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं म्हणे.

आज तरी सांगायचंच, म्हणून तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, मुंगे, त्या दिवशी तुझं माप बरोबर होतं. बाटली मी ओतली, पावडर मी घातली.
माहितीये, म्हणाली. बाटलीचा कागद निघेपर्यंत घासणारं घरात दुसरं कोण आहे? आणि नीळ कोण वापरतं?

म्हटलं, मग आईला का नाही सांगितलंस?
मला वाटलं तू सांगशील, म्हणाली. आई ओरडत होती तेव्हा तू तिथेच तर होतीस.
म्हटलं, मी टॉवेलच्या घड्या घालत होते.
म्हणाली, एकच टॉवेल होता, आजी. चार वेळा घातलीस.

मागे वळले तर दारात सूनबाई. कधीपासून उभी होती, देव जाणे. मुंगीजवळ गेली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, चुकलं माझं.
चुकलं माझं, हे वाक्य ती म्हणाली. तयार मी केलं होतं.