पाकोळ्यांच्या वाजवी अपेक्षेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सुंगाई तेरप नगर परिषद, पेराक, मलेशिया.

विषय : पाकोळीघर बंद करण्याच्या नोटिशीस हरकत, तसेच पाकोळ्यांचे म्हणणे ऐकून घेणेबाबत.
संदर्भ : १) परिषदेचे पाकोळीपालन प्रोत्साहन धोरण. २) ते रद्द करणारी आपली नोटीस.

महोदय,

शासनाचा शब्द ही काळ्या दगडावरची रेघ असते, अशी माझी श्रद्धा आहे. मला मिळालेला शब्द मात्र पत्र्यावर रंगवलेला होता. 'घरोघरी पाकोळी, घरोघरी समृद्धी' हा बाजारातला फलक आपल्या माणसांनी गेल्या आठवड्यात उतरवला. सध्या तो शेजारच्या खानावळीत बदकांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून रुजू आहे.

२. मी किराणा दुकानदार. पाकोळी स्वतःच्या लाळेचे घरटे बांधते आणि श्रीमंत लोक त्याचे सूप पितात, हे मला आपल्या परिषदेनेच शिबिर घेऊन शिकवले. त्या भरवशावर मी राहत्या घराचा वरचा मजला रिकामा केला, खिडक्या विटांनी बुजवल्या, पाखरांना घर ओळखीचे वाटावे म्हणून भिंतींना त्यांचीच विष्ठा कालवून फासली, आणि छतावर भोंगा लावून किलबिलाटाची ध्वनिफीत सुरू केली. तेव्हापासून मी व पत्नी खाली तांदळाच्या पोत्यांमागे झोपतो. सासूबाई येत नाहीत. हा लाभ धोरणात नमूद नव्हता.

३. आता नोटीस म्हणते की शहरातील पाकोळीघरे आरोग्यास घातक असून महिनाअखेर बंद करावीत. इपोहला वकिली करणारा माझा पुतण्या वेई हान म्हणतो, "काका, याला वाजवी अपेक्षा म्हणतात. सरकारने आशा लावली, तुम्ही घर उलटंपालटं केलंत. त्यांना धोरण बदलता येतं, पण तुमचं ऐकून न घेता नाही." यावर पत्नीचे म्हणणे असे : "वाजवी आहे की नाही ते कोर्ट ठरवेल, वाजते मात्र रोज पहाटे पाचला!"

४. हाच न्याय पाकोळ्यांनाही लागू होतो. त्यांना बोलावले कोणी? ध्वनिफीत परिषदेने पुरवली होती. म्हणजे निमंत्रण शासकीय होते. ज्याला आवतण देऊन बोलावले, त्याच्या तोंडावर दार लावू नये, हे आमच्या गल्लीतल्या मुलांनाही कळते. मी परिषदेच्या चौकशी खिडकीवर हे मांडताच आपल्या कारकून रोहायाबाई म्हणाल्या, "अहो अंकल, पाखरांना नोटीस वाचता येते का?" वाचता येत नाही, हे मान्य. ऐकू येते. सबब नोटीस भोंग्यावरून, त्यांना समजेल अशा स्वरात, वाजवण्यात यावी. त्यावर रोहायाबाईंनी खिडकी बंद केली. ही सुनावणी समजू नये.

५. तरी आधी मला व मग त्यांना बोलावावे, आणि तोवर भोंगा चालू ठेवू द्यावा. आज तो बंद केला आणि उद्याच त्या आल्या, तर तोंड दाखवायचे कोणी? पत्नीने विटा काढण्यासाठी गवंडी ठरवून ठेवला आहे, म्हणून निर्णय त्वरेने व्हावा.

आपला नम्र व अद्याप वाट पाहणारा,
लाऊ तियन पोह
सुंगाई तेरप, दि. ३ मार्च

सोबत :
१) शिबिराचे प्रमाणपत्र.
२) खानावळीच्या मालकाची तक्रार (माझ्याविरुद्ध).
३) गेल्या आठ वर्षांत घरात उतरलेल्या पाकोळ्या : निरंक.