ताटात टाकलेलं अन्न

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी आता पन्नाशीला आले आहे आणि एका वेळी मला अर्धी भाकरीसुद्धा जात नाही. आठ वर्षांपूर्वी हैदराबादच्या एका दवाखान्यात ऑपरेशन करून माझं पोट लहान केलं. वजन एकशे अठ्ठावीस किलो होतं, शुगर होती, लातूरच्या ऑफिसचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबावं लागायचं. कागदावर सही मीच केली. शुद्धीवर आल्यावर पहिली आठवण तुमची आली आणि खरं सांगते, ती चांगली नव्हती.

मुदखेडचं रेल्वे क्वार्टर. मी नऊ वर्षांची आहे. एक भाकरी खाऊन, अर्धी ताटात ठेवून मी उठते. तुम्ही रुळावरचं काम करून आलेले, अंगाला ऑइलचा वास. "बस," एवढंच म्हणता. मी रडत रडत खाते आणि शेवटच्या घासाला सगळं ताटातच ओकते. आई पदर नाकाला लावते. तुम्ही ताट मोरीत नेलंत, स्वतःच्या हातानं घासलंत आणि त्याच ताटात पुन्हा अर्धी भाकरी वाढलीत. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. मी खात असताना नायगावकडच्या तुमच्या खेड्यातली गोष्ट सांगितलीत. गावातल्या लग्नाच्या पंगती उठल्या की आजी टोपली घेऊन मागच्या दाराला उभी राहायची आणि लोकांचं उष्टं घरी आणायची. एकदा भातात कुणाची तरी पानाची लाल थुंकी होती. "तेवढा भात बाजूला सारला अन् बाकीचा खाल्ला," तुम्ही म्हणालात. "आता आपल्या घरात आपलं अन्न हाय. ते टाकायचं न्हाई."

त्या गोष्टीपुढे कुणाचं काय चालणार? मला त्या थुंकीची शिसारी आली, ज्यांनी ते टोपलीत टाकलं त्यांची आली, आणि सांगायला जीभ अडखळते, पण तुमचीही आली. मी पुढे कधी ताटात काही ठेवलं नाही. दहावी पास झाले तेव्हा तुम्ही किलोभर कलाकंद आणलात आणि समोर बसून मला खायला लावलात. मला मळमळत होतं. तुमच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी परत कधी पाहिलं नाही. ते बघायला मी आणखी एक वडी उचलली.

ऑपरेशननंतर दीड वर्षात पंचावन्न किलो उतरले. ऑफिसातल्या बायका माझे दंड चाचपून बघायच्या. सुटलेली कातडी ब्लाउजमध्ये कोंबताना मला माझीच किळस यायची. आधी अंडं किंवा मटकी, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा तुकडा, जेवताना पाणी नाही, गोळ्या जन्मभर. दोन वर्षं सगळं पाळलं. मग कळलं की चहात बुडवलेली बिस्किटं आणि फरसाण या लहान पोटातूनही सहज खाली उतरतात. ऑफिसच्या कपाटाआड उभी राहून, फाइल शोधते असं दाखवत मी पिशवीतून फरसाण खायची. नऊ किलो परत आले. आहार सांगणाऱ्या बाईंनी खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावलं. पहिल्या आठवड्याची वही वाचताना मला कुणा परक्या, अधाशी बाईचं वाचतेय असं वाटलं.

मागच्या वर्षी धाकट्या भावानं नांदेडला, विष्णुपुरीकडे घर बांधलं. बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली. त्यानं माझं ताट स्वतः वाढून आणलं: पुऱ्या, मसालेभात, वर तीन गुलाबजाम. "आबाच्या पोरीनं ताट टाकलं म्हणतील लोक," तो हसत म्हणाला. मी खाल्लं. पंधरा मिनिटांत घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात पिळा पडला. नव्या बाथरूममध्ये, नव्या कोऱ्या फरशीवर मी ओकले. तो पाणी घेऊन आत आला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आबानं आपल्याला खाऊ घातलं न्हाई रे. आपल्या तोंडानं त्यानं त्याची भूक भागवून घेतली."

मला वाटलं तो चिडेल. तो उलट्या बादलीवर बसला. बाहेर लोक जेवत होते, त्यानं आतून कडी लावली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मला बी शुगर हाय ताई. दोन वर्षं झाली. घरात कुणाला सांगितलं न्हाई. पोरांचं उरलेलं मीच खाऊन राहिलो." मग लुंगी वर खोचून त्यानं फरशी धुतली. मी करते म्हटलं तर ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी मी त्याच्या बायकोला समोर बसवलं आणि त्याला सगळं सांगायला लावलं. आता तो रोज सकाळी धरणाच्या रस्त्यानं चालतो आणि मला फोन करून काय खाल्लं ते विचारतो. नऊमधले सहा किलो पुन्हा उतरले आहेत. तीन राहिलेत.

आजीच्या टोपलीचा राग मलाही आहे, आबा, तुमच्याइतकाच आहे. पण तो माझ्या पोटात भरायचा नव्हता. तुम्ही त्या गावाला, त्या पंगतीतल्या माणसांना शिव्या दिल्या असत्या तर मी जन्मभर ऐकून घेतल्या असत्या.

हे कुठे पाठवणार? कपाटात ठेवीन. एक मात्र सांगते. आज दुपारी जेवताना पोट भरलं तशी मी थांबले. पाव भाकरी आणि थोडी मेथी उरली होती, ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरात मी एकटीच होते. तरी वरून वर्तमानपत्राचा कागद घातला आणि तो हातानं नीट दाबला.